संशोधनाला होकार देताना

मल्लेश्वरम हा बंगळुरू शहराच्या वायव्येकडील जुना भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो आखला गेला आणि काडु मल्लेश्वराच्या देवळावरून त्याला हे नाव मिळाले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या काळातील, या देवस्थानाला दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. म्हणजे मराठी माणसाला हा परिसर नवा नाही. आजही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे तेथे राहतात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत बहुधा इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांची मुले वाढतात. मल्लेश्वरमच्या जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे, तर शहराच्या दक्षिण भागात होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. १९७४ साली स्थापन झालेली ही संस्था ‘निम्हान्स’ या संक्षिप्त नावाने देशभर ओळखली जाते. मनाच्या आजारांवर उपचार करणे आणि मनाचा अभ्यास करणे, ही दोन्ही कामे तेथे चालतात. अशा शहरात राहणाऱ्या कुटुंबाला कधी ना कधी संशोधनात सहभागी होण्याचे निमंत्रण येण्याचा संभव अधिक असतो.

समजा, मल्लेश्वरममधील एका मराठी घरातील पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून एक लिफाफा घेऊन आली. आत तीन-चार पानांचे माहितीपत्रक आहे आणि शेवटी पालकांच्या सहीसाठी जागा. किशोरवयीन मुलामुलींच्या भावना, स्मरणशक्ती आणि सवयी यांचा अभ्यास करावयाचा असून आपल्या मुलीला त्यात सहभागी होऊ द्यावे, अशी विनंती केली आहे. घरातील पहिली प्रतिक्रिया काय असेल? आजी बहुधा विचारील, “आपल्याच मुलीला का बोलावले? तिच्यात काय दिसले यांना?” वडील म्हणतील, “शाळेने पाठवले आहे, तर सही करून टाकू.” ज्या मुलीचे मन तपासले जायचे आहे, तिला विचारायचे मात्र राहून जाईल. आजीची शंका, वडिलांची सही आणि मुलीचे मौन या तिन्ही गोष्टींचा विचार या पाठात करावयाचा आहे. पाठाचे वाचक कोणी स्वतः पालक असतील, तर कोणी अद्याप अठरा वर्षांचे झालेले नसतील. दोघांनाही हा विषय लागू आहे.

उपचार वेगळा, संशोधन वेगळे

आजींच्या शंकेपासून आरंभ करू. आपण डॉक्टरांकडे जातो तेव्हा डॉक्टरांचे सारे लक्ष आपल्या दुखण्यावर असते. संशोधकाचा प्रश्न एका मुलीविषयी नसतो, तो हजारो मुलामुलींविषयी असतो. झोप कमी झाली की चिडचिड वाढते का, वडिलांचे व्यसन आणि मुलाची बेफिकिरी यांचा काही संबंध असतो का, परीक्षेची भीती कोणत्या वयात तीव्र होते, अशा प्रश्नांची उत्तरे एकाच मुलाकडे पाहून मिळत नाहीत. त्यासाठी सर्व प्रकारची मुले लागतात आणि त्यांत काहीही त्रास नसलेली मुले मोठ्या संख्येने लागतात. साधारण काय असते हे कळल्याशिवाय असाधारण काय हे ठरवता येत नाही. अंगणवाडीत बाळाचे वजन ज्या तक्त्यावर ताडून पाहतात तो तक्ता निरोगी बाळांच्या वजनावरूनच तयार झालेला असतो. तेव्हा निवड झाली याचा अर्थ दोष आढळला असा नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मुलीला खरोखरच काही त्रास असेल आणि ‘एवढ्या मोठ्या संस्थेची माणसे तपासणार आहेत, तर तिचा इलाजही होईल’ अशा आशेने पालक सही करणार असतील, तर त्यांची निराशा होईल. संशोधन हा उपचाराला पर्याय नाही. त्रास असेल तर थेट उपचाराची वाट धरावी. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ सालापासून त्यासाठीच उपलब्ध आहे.

आपल्याकडील काही अभ्यास

बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने ‘सीवेडा’ या नावाचा एक मोठा अभ्यास झाला. भारत आणि ब्रिटन या दोन देशांच्या वैद्यकीय संशोधन परिषदांनी त्याला साहाय्य केले. सहा ते तेवीस वर्षे वयाची सुमारे नऊ हजार मुले व तरुण देशातील सात केंद्रांतून त्यात सहभागी झाले. बंगळुरूबरोबर म्हैसूर, चंडीगढ, कोलकाता, इंफाळ आणि आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील केंद्रे त्यात होती. उतावळेपणा, आक्रमक वागणूक आणि व्यसनाधीनता यांची मुळे वाढत्या वयात कशी रुजतात, घरातील हालअपेष्टा व सभोवतालची परिस्थिती यांचा मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. एकदाच पाहून हे कळणारे नसल्यामुळे त्याच मुलांना ठरावीक काळाने पुन्हा भेटण्याची योजना होती. अशा अभ्यासात सामील होणाऱ्या कुटुंबाने हे आधीच समजून घ्यावे की भेट एकच नसते. घर बदलले, दूरध्वनी क्रमांक बदलला तर तो कळवावा अशी विनंती केली जाते. नोकरीनिमित्त दर तीन वर्षांनी शहर बदलणाऱ्या कुटुंबाने याचा विचार आधीच करणे बरे.

गोव्यात संशोधकांनी घरोघरी जाऊन बारा ते सोळा वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मानसिक विकाराचे प्रमाण शंभरात दोनाहूनही कमी, १.८१ टक्के, आढळले. पुढे निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात तेरा ते सतरा या वयोगटासाठी हेच प्रमाण ७.३ टक्के आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून गोव्याची मुले सुखी आणि बाकीची दुःखी असे म्हणणे घाईचे होईल. ठिकाणे वेगळी, काळ वेगळा, विचारण्याची पद्धत वेगळी. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र असा आकडा एकटाच येतो आणि पालकांची झोप उडवतो.

गोव्याच्या पाहणीतील ‘घरोघरी’ हा शब्द आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाळेत जाऊन केलेल्या अभ्यासात शाळेत येणारी मुलेच सापडतात. जी मुले दुकानात, शेतावर किंवा घरकामात अडकली आहेत, जी मुक्त शाळेतून शिकत आहेत, ती यादीतच नसतात. मग त्यांच्या मनाविषयी काढलेले निष्कर्ष दुसऱ्यांच्याच उत्तरांवर आधारलेले राहतात. शाळेबाहेरच्या मुलाला असे निमंत्रण आले, तर त्याच्या होकाराचे किंवा नकाराचे मोल म्हणूनच कमी नाही.

सही कोणाची?

आता वडिलांच्या सहीकडे वळू. आपल्याकडे भिडेखातर दिलेले होकार फार. मुख्याध्यापकांनी सांगितले, मोठ्या संस्थेचे डॉक्टर आले, चार घरांनी सह्या केल्या, मग आपणच नाही कसे म्हणावे? संशोधनाचे नियम नेमके या भिडेविरुद्ध उभे आहेत आणि त्यामागे कटू अनुभव आहेत.

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३९ साली एका अनाथालयातील २२ मुलांवर बोलण्यासंबंधीचा एक प्रयोग झाला. त्यांतील काही मुले अगदी नीट बोलणारी होती. तरीही ‘तुम्ही अडखळता, तुमच्या बोलण्यात दोष आहे’ असे त्यांच्या मनावर पुन्हा पुन्हा बिंबवण्यात आले. मुले बोलायला कचरू लागली. हे कशासाठी चालले आहे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांच्या बाजूने प्रश्न विचारणारे तेथे कोणीच नव्हते. संबंधित विद्यापीठाने याबद्दल क्षमा मागितली ती २००१ साली.

आपल्या देशातील उदाहरण इतके जुने नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आणि आजच्या तेलंगणातील खम्मम जिल्ह्यात २००९-१० मध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका अभ्यास-प्रकल्पाखाली देण्यात आली. हा विषय मानसशास्त्राचा नव्हे, पण प्रश्न तोच. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नोंदवले की तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. अनेक घरांना आपल्या मुलीच्या बाबतीत काय ठरले हे ठाऊकच नव्हते. अधीक्षक किंवा मुख्याध्यापक हे आईवडिलांच्या जागी सही करू शकत नाहीत, हा धडा त्यातून सर्वांना मिळाला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मुलांवरील संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार शाळेची परवानगी ही संशोधकांना शाळेत येऊ देण्यापुरती असते. मुलाच्या सहभागासाठी आईवडिलांपैकी एकाची किंवा कायदेशीर पालकाची लेखी संमती लागते. धोका अधिक असेल तर दोघांचीही मागितली जाऊ शकते. एवढ्यानेही भागत नाही. सात वर्षांवरील मुलाची स्वतःची सहमतीही घ्यावी लागते. अकरा वर्षांपर्यंत ती तोंडी असली तरी चालते, बारा ते अठरा या वयात मात्र लेखी. संमती पालकांची, सहमती मुलाची, असा हा फरक आहे. पालकांनी संमती दिली आणि मुलीने ‘मला नको’ म्हटले, तर तिचा नकार मानला जातो. ‘आम्ही सही केली आहे, आता तू गेलेच पाहिजेस’ असे म्हणण्याचा अधिकार पालकांनाही नाही. आपल्या घरांत हे पचायला थोडे जड जाते.

माहितीपत्रक समजेल अशा भाषेत असले पाहिजे. मल्लेश्वरमच्या शाळेतून येणारे पत्रक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असणे स्वाभाविक आहे. पण आईला त्यांतील एकही भाषा सहज वाचता येत नसेल, तर तिने मराठी किंवा हिंदी प्रत मागावी. ती नसेल, तर कोणी तरी बसून समजावून सांगावे असा आग्रह धरावा. वाचता न येणाऱ्या पालकाला पत्रक वाचून दाखवताना संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो. विचार करायला वेळ मागता येतो. पत्रकाची एक प्रत घरी ठेवायला मिळाली पाहिजे. तीवर संशोधकाचे आणि नैतिकता समितीचे नाव व दूरध्वनी क्रमांक असतात.

नैतिकता समिती म्हणजे अभ्यास सुरू होण्यापूर्वी त्याची योजना तपासून परवानगी देणारे मंडळ. तिच्यात सात ते पंधरा सदस्य असतात. वैद्यक जाणणाऱ्यांबरोबर कायदा जाणणारी एक व्यक्ती आणि संशोधनाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक तिच्यात असतो. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो. तक्रार करावीशी वाटली तर ती संशोधकाला वगळून या समितीकडे नेता येते.

प्रत्यक्ष दिवशी

बहुतेक वेळा काम कागद-पेन्सिलीचे आणि गप्पांचे असते. काही विधाने वाचून ‘खरे नाही’, ‘थोडेफार खरे’, ‘अगदी खरे’ यांपैकी एकावर खूण करावयाची असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा एका प्रश्नावलीत २५ विधाने आहेत. इंग्लंडमधील रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ साली मांडली. भावना, वर्तन, चंचलता, मित्रांशी संबंध आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती या पाच बाजूंसाठी प्रत्येकी पाच विधाने तिच्यात आहेत. पालकांसाठी एक प्रत, शिक्षकांसाठी एक आणि अकरा वर्षांवरील मुलासाठी स्वतंत्र अशी ती भरून घेतली जाते. एकाच मुलीविषयी तिघांचे म्हणणे जुळत नाही असे पुष्कळदा घडते. संशोधकाला त्यात नवल वाटत नाही. ते न जुळणेही त्याच्या उपयोगाचे असते.

बुद्धी आणि स्मरण यांच्या चाचण्याही असू शकतात. आकडे ऐकून उलट क्रमाने म्हणून दाखवणे, ठोकळ्यांनी नक्षी जुळवणे, संगणकाच्या पडद्यावर ठरावीक खूण दिसताच बटण दाबणे असे त्यांचे स्वरूप असते. मराठी वाचकाला ऐकून आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे पॅरिसच्या बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे भारतीय रूप व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागात कन्नड आणि मराठी या दोन भाषांत सिद्ध केले. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही ओळखली जाते. मुलांच्या बुद्धिमापनाची आणखी एक परिचित भारतीय कसोटी नागपूरच्या ए. जे. मालिन यांची, १९६९ सालची. या कसोट्या जुन्या झाल्या आहेत. तेव्हाच्या मुलांवरून ठरवलेल्या मापाने आजच्या मुलांना मोजताना तज्ज्ञही सावध असतात. त्यातून निघालेला आकडा घरात भांडण लावण्याच्या योग्यतेचा नसतो. मुलीने कोणत्या भाषेत उत्तरे द्यावयाची हेही आधी ठरवून घ्यावे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला शब्दांची कसोटी इंग्रजीतून दिली, तर कधी बुद्धीऐवजी इंग्रजीच मोजले जाते.

काही अभ्यासांत उंची-वजन, रक्ताचा किंवा लाळेचा नमुना घेतात, तर काहींत मेंदूचे एम.आर.आय. चित्रण असते. त्यात क्ष-किरण नसतात. मात्र अरुंद नळीत अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते आणि यंत्राचा आवाज फार मोठा असतो. अंगावर किंवा अंगात धातूची वस्तू असेल तर आधी सांगणे अत्यावश्यक. बंद जागेची भीती वाटणाऱ्या मुलीने ‘हा भाग नको, बाकीचे चालेल’ असे म्हणता येते का, हे विचारावे. चित्रणात अनपेक्षितपणे एखादी गाठ दिसली तर ती कळवली जाईल का, हेही विचारून ठेवावे.

या सगळ्यात दोन-तीन तास सहज जातात. पालकांचीही मुलाखत होते. गरोदरपण कसे गेले, घरात कोणाला व्यसन आहे का, उत्पन्न किती, घरात भांडणे होतात का, असे प्रश्न येतात. ते अपमानासाठी विचारलेले नसतात, तरी ते बोचू शकतात. कोणताही प्रश्न सोडून देण्याची मुभा असते. ‘हा पुढचा विचारा’ एवढे म्हटले की पुरे.

मुलीने काय सांगितले, ते आईला कळेल का?

खरी अडचण इथे येते. मुलीला वेगळ्या खोलीत बसवून विचारले जाते. तंबाखू, दारू, मोबाइलवर पाहिलेले काही, कोणी केलेला त्रास, जगणे नकोसे वाटणे, अशा गोष्टी त्यात असतात. बाहेर बाकावर बसलेल्या आईच्या मनात येते की मी तिची आई, मला कळायला नको का?

नियमानुसार मुलीची उत्तरे पालकांना दाखवली जात नाहीत आणि शाळेलाही नाहीत. प्रश्नावलीवर नावाऐवजी एक क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवली जाते. ही गुप्तता नसेल तर अभ्यासच फसतो. आई वाचणार हे ठाऊक असलेली मुलगी खरे लिहील असे कोण म्हणेल? मग हजारो खोट्या उत्तरांवरून काढलेल्या निष्कर्षाचा आधार घेऊन शासन योजना आखील, शाळा समुपदेशक नेमतील आणि त्याचा लाभ कोणालाच होणार नाही. म्हणून संमतीपत्रावर सही करताना पालक आपल्या पाल्याचा वेळ तर देतातच. त्याबरोबर त्या खोलीत काय बोलले गेले हे न विचारण्याचे वचनही ते देत असतात. हे वचन देणे जमणार नसेल, तर सही न केलेली बरी. गाडीत बसताच ‘काय काय विचारले? तू काय सांगितलेस?’ असा तपास सुरू करणाऱ्या पालकाने अभ्यासाचे नुकसान केले ते केलेच, शिवाय मुलीला एक गोष्ट शिकवली, की मोकळेपणाने बोललेले अखेर अंगाशी येते. तिला आपणहून सांगावेसे वाटले तर ऐकावे. तो तिचा अधिकार आहे.

या गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या मुलीला बोलण्याच्या आधी सांगितल्या पाहिजेत. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर संशोधक गप्प बसू शकत नाहीत. ते पालकांशी बोलतात, उपचारांची वाट दाखवतात. दुसरी मर्यादा कायद्याची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला ‘पोक्सो’ म्हणतात, तो अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक करतो. या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. त्यामुळे दोन किशोरवयीनांनी आपखुशीने ठेवलेल्या संबंधाची कबुलीही त्याच्या कक्षेत येऊ शकते. ‘काहीही सांग, कोणाला कळणार नाही’ असे सरसकट आश्वासन देणारा संशोधक म्हणूनच एक तर कायदा जाणत नाही किंवा खरे बोलत नाही. ‘काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही?’ हा प्रश्न मुलीने स्वतः, मोठ्याने विचारावा.

आत्महत्येचा विषय काढल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर याचीच परीक्षा झाली. त्यांतील निम्म्यांना असे प्रश्न विचारले आणि निम्म्यांना विचारले नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार वाढले. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने किंचित हलके वाटलेले दिसले. तरीही मुलाखतीनंतर मुलगी गप्प गप्प वाटली, तर संशोधकांना दूरध्वनी करून तसे सांगावे. अशा वेळी कोणाकडे जावयाचे याची सोय त्यांनी आधीच केलेली असली पाहिजे.

पदरात काय पडते

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी बहुधा भरून दिली जाते. रोजावर काम करणाऱ्या पालकाने याची चौकशी आधीच करावी, संकोच करू नये. मुलाला एखादी लहानशी भेटवस्तू मिळते. मोह पडावा एवढी रक्कम देण्यास मनाई आहे, कारण पैशासाठी दिलेला होकार मोकळा राहत नाही. संशोधनामुळे काही इजा झालीच, तर विनामूल्य उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क असतो.

गुणपत्रिका मात्र मिळत नाही. ‘आमची मुलगी किती हुशार निघाली?’ याचे उत्तर बहुतेक अभ्यास देत नाहीत. निष्कर्ष हाती यायला वर्षे लागतात आणि ते सर्वांचे मिळून असतात. याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पोटातील बाळे जन्मली, शाळेत गेली, किशोरवयात आली आणि तरुण झाली; अभ्यास चालूच राहिला. काही मुलांच्या वयाच्या नवव्या वर्षी त्यांच्या स्मरणाच्या आणि अवधानाच्या चाचण्या झाल्या. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले काही चाचण्यांत मागे राहिलेली दिसली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आईने रक्त दिले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते आणि तिच्या स्वतःच्या बाळाला त्या उत्तराचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. उपयोग झाला तो पुढच्या मातांना. त्या खेड्यांतील कुटुंबे इतकी वर्षे टिकून राहिली, याचे श्रेय घरोघरी जाऊन नाते जपणाऱ्या कार्यकर्त्यांना दिले पाहिजे. निष्कर्ष निघाल्यावर ते सहभागी कुटुंबांना साध्या भाषेत येऊन सांगणार का, हे संशोधकांना आरंभीच विचारावे. ते सांगणे त्यांचे कर्तव्य आहे.

मध्येच थांबावेसे वाटले तर थांबता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही आणि त्यामुळे शाळेतील गुणांवर किंवा रुग्णालयातील उपचारांवर परिणाम होऊ शकत नाही. तोवर दिलेली उत्तरे आणि नमुने यांचे काय होईल, हे मात्र अभ्यासागणिक वेगळे असते. कुठे ते काढून टाकतात, कुठे नाव पुसून आधीच मिसळलेली माहिती परत वेगळी करता येत नाही. माहितीपत्रकात हा मजकूर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. तेथपर्यंत वाचणारे थोडे.

लांब चालणाऱ्या अभ्यासात एक दिवस असा येतो की पंधरा वर्षांची मुलगी अठरा वर्षांची होते. त्या दिवसापासून पालकांची जुनी सही पुरेशी राहत नाही. संशोधकांना तिच्याकडे नव्याने जावे लागते, सारे पुन्हा समजावून सांगावे लागते आणि आता संमती तिची एकटीची असते. आईवडिलांनी तीन वर्षांपूर्वी हो म्हटले होते म्हणून तिनेही हो म्हणावे, असे काही नाही.